दाराबाहेरच्या वहाणा

प्रिय संस्कृती,

दुपारची वेळ आहे. लाइट गेलीय, शिलाई मशीन बंद पडलंय, आणि अख्खं कुंभारी गाव पाण्याखाली गेल्यासारखं गप्प आहे. तुझे आप्पा ओट्यावर आडवे झालेत. झोपेतसुद्धा त्यांचा हात उशाशी काठी चाचपतो. मेंढरं सोडून इतकी वर्षं झाली, पण त्या हाताला ते कुणी सांगितलेलंच नाही. तू रविवारी फोन करतेस तेव्हा तुझ्यामागं सगळ्या पोरींचा कालवा असतो, आणि जेवलीस का, झोप होते का, यातच आपलं बोलणं सरतं. मला जे सांगायचंय ते तसं घाईत सांगता येणार नाही. म्हणून शाळेच्या गणवेशांच्या मागच्या ऑर्डरीतले, मापं काढायचे उरलेले कागद घेतले आणि लिहायला बसले. हसू नकोस.

तुझा फोटो मिळाला. केस एवढे कापलेले बघून आप्पांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाले, "कातरलेल्या कोकरागत दिसती की." आणि दिवसभर मोबाइल खिशातून काढून बघत राहिले. करडी शेळी व्याली, दोन्ही पाटी झाल्या, बोकड एकही नाही. लिंबाला मोहर आलाय, अंगणात पांढरा सडा पडतो आणि मला तो झाडवत नाही. बिरूकाका रोज सकाळी येऊन चहा पिऊन जातो. तुझ्याबद्दल विचारत नाही, पण तुझं नाव निघालं की कप खाली ठेवून ऐकतो.

मला अलीकडं दुपारी डोळा लागला की एकच माळ दिसतो. काळी रानं, कापसाच्या पळाट्या उपटून मोकळी झालेली. ऊन असं हलत असतं की लांबची मेंढरं जमिनीला पाय न लावता तरंगत निघाल्यासारखी वाटतात. घुंगरांचा आवाज आधी येतो, मेंढरं मागनं येतात. त्या सगळ्यांच्या पुढं बिरूकाका चाललेला असतो, एकोणीस-वीस वर्षांचा, खांद्यावर ओलं कोकरू घेऊन. स्वप्न म्हणावं, तर हे सगळं खरंच होतं. तू तेव्हा लहान होतीस. त्या उन्हाळ्यात तुला कांजिण्या आल्या म्हणून मंगळवेढ्याला मामाकडं ठेवली होती. परत आलीस तेव्हा काका खाटेवर होता, आणि आम्ही तुला सांगितलं की तो विहिरीत पडला. तो विहिरीत पडला नव्हता, बाळा.

आपण तेव्हा मेंढरं घेऊन पार कर्नाटकाच्या शिवेला टेकलो होतो. मानसिंग म्हणून एक शेतकरी होते, त्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथली माणसं अजून तिथंच राहतात, आणि वाईट सगळी नव्हती. तिकडं माणूस अर्धं वाक्य मराठीत बोलतो आणि अर्धं कन्नडात. तुझी आजी मायाक्का दोन्ही भाषांत भांडायची. माझ्या आठवणीत ते दिवस फार गोड आहेत. सकाळी दव पडायचं नाही, पण लोकरीला रात्रीचा गारवा असायचा. मी कोकरांमध्ये बसून भाकरी थापायचे आणि बिरू मेंढरांशी गप्पा मारायचा. अगदी माणसाशी माराव्या तशा. "काल का रुसलीस गं?" असं विचारायचा आणि तिच्या उत्तराची वाट बघायचा.

एका सकाळी शेजारच्या विहिरीवरची मोटार आणि केबल चोरीला गेल्याचं कळलं. गावात परकं कोण, तर आम्ही. ऊन वर यायच्या आत जीप आली. धूळ आधी दिसली, आवाज नंतर आला. एक फौजदार आणि दोन हवालदार उतरले. "मोटार कुठं लपवली?" एवढंच विचारलं त्यांनी, आणि बिछाने, भांडी, आजीची पेटी, सगळं उपसायला लागले. आप्पांच्या हातात काठी होती. धनगराच्या हातात काठी असतेच, पण जीपमधून उतरलेल्या माणसाला ती वेगळीच दिसते. आप्पांचा चेहरा लाल झालेला मी बघितला आणि आत काहीतरी जागं झालं.

ते काय होतं सांगते. त्याच्या आदल्या वर्षी बचत गटाच्या बायकांसाठी कायद्याचं शिबिर झालं होतं. मी गेले होते ते मंडपाच्या सावलीसाठी. तुला मांडीवर घेऊन बसले आणि दोघींना झोप लागली. बोलणाऱ्या वकीलबाईंचा आवाज झोपेत येत-जात होता, लांबच्या देवळातल्या भजनासारखा. पोलीस आले तर पळू नका. अंगावर जाऊ नका, शिवी देऊ नका, हातात काही धरू नका. कुठल्या ठाण्याला नेताय, का नेताय, ते विचारा. माणूस नेला तर मागोमाग जा, एकटं जाऊ नका. कोऱ्या कागदावर सही नाही, अंगठाही नाही. बाईला हात लावायचा तर बाई पोलीस लागते, आणि दिवस मावळल्यावर बाईला अटक करत नाहीत. धरलेल्या माणसाला चोवीस तासांत न्यायाधीशापुढं उभं करावंच लागतं. मला वाटलं होतं मी काहीच ऐकलं नाही. त्या सकाळी ते सगळं एकेक करून वर आलं.

मी जाऊन आप्पांच्या हातातली काठी काढून घेतली आणि जमिनीवर ठेवली. कुत्रं गुरगुरत होतं, त्याला दावणीला बांधलं. तेवढ्यात मेंढरांच्या पलीकडून बिरू पळायच्या बेतात दिसला. त्यानं जीप कधी एवढ्या जवळून बघितली नव्हती. आणि धावायला लागला असता तर त्या माळावर त्याला कुणी गाठू शकलं नसतं. मी ओरडले, "बिरू, पळू नगं! बस तितंच!" तो बसला. मी सांगितलं म्हणून तो बसला, आणि त्यांनी येऊन त्यालाच उचलला.

जीपमध्ये घालताना मी पुढं झाले. हात जोडलेलेच ठेवले. म्हटलं, "साहेब, कुटल्या ठाण्याला नेताय?" फौजदार म्हणाला, "लई शहाणी हायेस का?" मी म्हटलं, "न्हाय साहेब. मागनं यायचं हाय, म्हणून इचारते." तो हसला. पण मागं बसलेल्या हवालदारानं दुसरीकडं बघत ठाण्याचं नाव सांगितलं. जीप गेली. मेंढरं तशीच चरत होती. एवढं मोठं काही घडलं आणि एकाही मेंढरानं मान वर केली नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

मानसिंग आधी यायला तयार नव्हते. त्यांना त्याच गावात राहायचं होतं, त्याच शेजाऱ्याच्या बांधाला बांध लावून. आजीनं त्यांना एवढंच विचारलं, "लेकरानं तुमचं काय नेलं व्हय?" ते घरात गेले, चपला घालून बाहेर आले, गाडी काढली. आजीला मेंढरांपाशी ठेवून आम्ही तिघं एका मोटारसायकलवर निघालो. रस्ताभर गरम वारं तोंडावर येत होतं आणि मला सारखं वाटत होतं, आत्ता जाग येईल.

ठाण्यात सांगितलं, असं कुणाला आणलेलंच नाही. फौजदार अजून आले नाहीत, तुम्ही चुकीच्या ठिकाणी आलात, जा घरी. इतकं सहज सांगितलं की आप्पा माघारी वळले सुद्धा. मीही वळले, आणि दाराच्या बाजूला, भिंतीकडेला, बिरूच्या वहाणा दिसल्या. जाड तळाच्या, करकरणाऱ्या, आमच्याच माणसानं बनवलेल्या. डाव्या वहाणेला लाल लोकर गुंडाळलेली, ती मीच गुंडाळली होती. आतून काहीच आवाज येत नव्हता. खरं सांगू, आवाज आला असता तर बरं झालं असतं. मी आप्पांचा हात धरला आणि ठाण्याच्या पायरीवर बसले.

कुणीतरी येऊन म्हणालं, "आत या, जबाब द्यायचाय." मी म्हटलं, "बाई पोलीस असतील तर येते, न्हायतर हितंच बरी हाय." मग आप्पांपुढं एक कागद आला. वर दोन ओळी लिहिलेल्या, खाली सगळं मोकळं. आप्पांना वाचता येत नाही हे त्यांनी ओळखलं होतं. मी म्हटलं, "वाचून दावा, मोकळ्या जागेवर रेघ मारा, मग सही करतील की." आवाज वाढवला नाही मी. शिबिरात ऐकलेलं तेवढंच बोलत होते. धीट होते म्हणून नाही. तो कागद परत गेला. मानसिंग तोवर कोपऱ्यावरच्या टपरीवरून फोन लावत होते. त्यांच्या ओळखीचे एक वकील होते, गुरुशांत म्हणून, मैंदर्गीचे. ते दुसऱ्या कोर्टात होते, संध्याकाळपर्यंत येतो म्हणाले.

ती दुपार माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब दुपार. पायरी तापलेली, समोर एक चिंच, चिंचेखाली जप्तीच्या गाड्या गंजत पडलेल्या, आणि त्यांतल्या एका गाडीच्या सीटवर कोंबडी अंड्यावर बसलेली. मी त्या कोंबडीकडं बघत होते. मधेच एक बाई पोलीस कामावर आली. सावळी, माझ्याच वयाची. आत गेली, थोड्या वेळानं बाहेर आली, आणि पाण्याचा तांब्या माझ्यापुढं ठेवताना माझ्याकडं न बघता हळूच म्हणाली, "होगब्याड. इल्ले कुंदर." जाऊ नको, इथंच बस, असं. बाकी काही नाही. ती परत आत गेली. दाराशी माणूस बसलेला असला की आतला हात आखडतो, हे तिला ठाऊक होतं. मी पाणी प्यायले आणि बसून राहिले. तिचं नाव मला कधीच कळलं नाही. तिला नंतर कुणी बोललं असेल का, तेही माहीत नाही.

ऊन कलताना गुरुशांत वकील आले. बुटके, कपाळाला विभूती, मराठी बोलता बोलता कन्नडात शिरणारे. ते भांडले नाहीत. आत जाऊन शांतपणे विचारलं, "माझ्या अशिलाला अटक केली असेल तर नोंद दाखवा, नसेल केली तर सोडा." आणि मग, सकाळपासून ठाण्यात नसलेला बिरू ठाण्यात सापडला. अटकेची नोंद झाली, नातेवाईक म्हणून आप्पांना कळवल्याचं लिहिलं गेलं. वकिलांना त्याच्याशी घटकाभर बोलू दिलं. बाहेर आल्यावर ते माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, "ताई, उद्या न्यायाधीश त्याला विचारतील, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का. सगळेच नाही म्हणतात. मी त्याला सांगितलंय, खरं असेल ते बोल. बोलेल का, ते मला सांगता येत नाही." दिवस मावळायच्या आत त्यांनी आम्हाला मानसिंगांच्या घरी धाडलं.

चोवीस तास त्यांनी संध्याकाळच्या नोंदीपासून मोजले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तालुक्याच्या कोर्टात त्याला आणलं. संस्कृती, त्याला धड चालता येत नव्हतं. पावलांच्या कडांवर, काट्यांतून जाणाऱ्या माणसासारखा, एकेक पाय टाकत आला. त्याला कुणी हातही लावलेला नाही असा तोंडावरून दिसत होता. मारणाऱ्यांना तेवढं कळतं. कोर्टात पंखा करकरत होता. न्यायाधीश तरुण होते, सर्दी झालेली, रुमाल नाकाशी धरून कागद उलटत होते. मान वर न करताच त्यांनी विचारलं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" बिरूच्या मागंच तो फौजदार उभा होता. पंखा चालू. न्यायाधीशांनी पान उलटलं. आणि तेव्हा बिरू म्हणाला, "साहेब, मला उभं ऱ्हाता येत न्हाय. बसू का?"

न्यायाधीशांनी रुमाल खाली ठेवला. त्याच्याकडं बघितलं, चांगलं बराच वेळ बघितलं. "का?" बिरू म्हणाला, "तळपायावर मारलंय. मोटार कुटं हाय म्हणत हुते. मला मोटार चालू कशी करत्यात ते बी ठावं न्हाय." तो रडला नाही. मेंढराशी बोलायचा तसंच बोलला, सावकाश. त्याला खुर्ची दिली गेली. सगळं लिहून घेतलं गेलं, सरकारी दवाखान्यात तपासणीला पाठवलं गेलं, आणि पोलिसांनी मागितलेली कोठडी मिळाली नाही. पुढं जामीन झाला. खटला रेंगाळला, मग पुरावाच नाही म्हणून बिरू सुटला. फौजदाराची चौकशी लागली, त्याची बदली झाली, एवढंच. मोटार कुणी नेली हे आजपर्यंत कुणाला कळलेलं नाही.

खाटेवर पडल्या पडल्या बिरूनं मला एकदा विचारलं होतं, "वैनी, पळालो असतो तर?" मी त्याचे पाय शेकत राहिले. उत्तर त्यानंच दिलं, बऱ्याच महिन्यांनी, कुंभारीत आल्यावर. म्हणाला, "त्या दिशी पळालो असतो तर जलमभर पळतच ऱ्हायलो असतो." मी ते ऐकलं आणि तोंड धुवायला मोरीकडं गेले.

त्यानंतर आपण मेंढरं विकली, इथं आलो, मी शिलाईच्या कारखान्यात लागले, आप्पा चादरीच्या गोदामात. आजी गेली ती याच घरातून, शेवटपर्यंत मेंढरांची नावं घेत. तू बारावी झालीस आणि एका संध्याकाळी जेवताना म्हणालीस, मी पोलीस भरतीला उतरणार. तुला आठवत असेल, आप्पांनी ताट सारलं. काका उठून निघून गेला. तुला वाटलं असेल, पोरीनं धावाधाव करू नये म्हणून हे लोक रुसले. दुसऱ्या दिवशी उजाडताना दारात काका उभा, गळ्यात शिट्टी. "चल, मैदानावर." दोन वर्षं त्यानं तुला धाववलं. तू घरी येऊन तक्रार करायचीस, काका स्वतः एक पाऊल धावत नाही, नुसता कडेला उभा राहून ओरडतो. त्या उन्हाळ्यानंतर त्याला धावताच आलेलं नाही, बाळा. तुला हे सांगायचं नाही, अशी त्यानं मला शपथ घातली होती. पोरीच्या पायात माझं भ्या शिरंल, म्हणायचा.

तू भरती झालीस, ट्रेनिंगला गेलीस, आणि ती शपथ काल त्यानंच सोडवली. संध्याकाळी आला, बराच वेळ शेळीच्या पाटींशी खेळत बसला, आणि म्हणाला, "वैनी, मी जाणार हाय पोरीच्या परेडला." आजवर तो कुठल्याही ठाण्यासमोरून गेलेला नाही, शहरात सात रस्ता चौकात जायचं झालं तरी बोळांतून जातो. तो म्हणाला, "पर येवढी खाकी एका जागी बगून माझं पाय काय करतील, मला ठावं न्हाय. तू तिला आदी समदं लिहून कळव. मी गेटातच अडकलो, तर काकाला माझी लाज वाटली, असं तिला वाटाया नगं." म्हणून हे पत्र. तुमचं संचलन संपेल, सगळ्या पोरी आपापल्या माणसांकडं पळत सुटतील. तू पळू नकोस. टोपी काढून हातात घे, आणि लांबूनच त्याला हाक मार, म्हणजे वर्दीच्या आधी त्याला तुझा आवाज ओळखू येईल. मग सावकाश चालत ये. तो मागं सरला तर थांब, त्याला वेळ दे. आप्पा आणि मी त्याच्या दोन्ही बाजूंना उभे असू.

तुझीच,
आई